एका तासाची सरासरी

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

गेल्या महिन्यात आमच्या गटाची बैठक होती. बचत गोळा झाली, वहीवर सह्या झाल्या आणि एका ताईंची सातवीतली लेक कागद घेऊन आली. शाळेत गणिताचा प्रकल्प होता. वर्गातल्या मुलांकडून माहिती गोळा करायची, ताळ्याच्या खुणा करून तक्ता मांडायचा, सरासरी काढायची. कुणी आवडता खेळ घेतला, कुणी आवडतं फळ. हिनं घेतलं, 'शाळेत येण्याआधी घरकामात किती वेळ जातो?'

पहिल्या दिवशी तिनं वर्गात उभं राहून विचारलं, "तुम्ही घरी काम करता का?" मुलगे हसायला लागले. काही मुलीही "नाही" म्हणाल्या. त्यातली एक रोज सकाळी पाण्याच्या दोन खेपा करते. तिला म्हणे, "पाणी आणणं हे काय काम असतं होय?"

बाईंनी सांगितलं, प्रश्न बदल. दुसऱ्या दिवशी तिनं प्रत्येकाला चिठ्ठी दिली. नाव लिहायचं नाही, फक्त मुलगा की मुलगी. काल उठल्यापासून शाळेची घंटा होईपर्यंत काय काय केलं, ते अर्ध्या-अर्ध्या तासाचं लिहायचं आणि चिठ्ठी डब्यात टाकायची. मग खरं बाहेर आलं. झाडलोट, भांडी, पाणी, शेणघाण, धाकट्या भावाची आंघोळ.

वर्गात २६ मुलं. सरासरी आली ६० मिनिटं. आम्ही म्हटलं, एक तास ना, ठीक आहे, तेवढं तर हवंच. तेव्हा तिनं कागद उलटा केला. मागे दोन तक्ते होते. १४ मुलींची सरासरी ९० मिनिटं, १२ मुलग्यांची २५. दोन्ही एकत्र केलं की तास होतो आणि मुलींचा दीड तास त्यात झाकून जातो.

बैठकीत कुणी बोलेना. मग एक ताई म्हणाल्या, "मी लेकीला सांगत नाही, ती आपणहून करते." दुसऱ्या म्हणाल्या, "आपल्याला बघून करते. पोरगाही बघतोच की, पण त्याला आपण हाक मारत नाही."

हे आपल्याच गावात आहे असं नाही. सरकारनं २०१९ साली देशभर वेळेची पाहणी केली. सहा वर्षांवरच्या माणसांचा दिवस असाच अर्ध्या-अर्ध्या तासानं विचारला. घरकाम करणाऱ्या बाईचे त्यात दिवसाला २९९ मिनिटं जातात आणि घरकाम करणाऱ्या पुरुषाची ९७. २०२४ च्या पाहणीत हे आकडे २८९ आणि ८८ आले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटं वाचली, पण पुरुषाचीही नऊ कमी झाली.

आम्ही कुणाला दोष देत नाही. आपण स्वतः पहाटे पाचला उठतो, मदतीला जो हात जवळ असतो तोच धरतो. पण त्या हातात वही असायला हवी त्या वेळी घागर असते, आणि शाळेत उशीर झाला म्हणून बोलणी तीच पोर खाते.

आमच्या गटानं ठरवलं, सकाळच्या पाण्याची एक खेप मुलग्यानं करायची. काही घरांत सुरू झालं. काही घरांत सासूबाई अजून ऐकत नाहीत. एका घरी मुलगा घागर घेऊन निघाला, तर शेजारचे हसले. तो थांबला नाही.

तुम्हीही पुढच्या बैठकीला चिठ्ठ्या करून बघा. 'काम करता का' असं विचारू नका, 'काल काय केलं' असं विचारा. नाव लिहू नका. आणि बेरीज करण्याआधी लेकीचा ढीग वेगळा, लेकाचा वेगळा ठेवा.

येते आम्ही. नमस्कार.