वर्गात एकटा उभा असलेला संशोधक



प्राथमिक शाळेत शिकवावयाचे तर डी.एल.एड. लागते, माध्यमिक शाळेसाठी बी.एड. लागते. महाविद्यालयात शिकविण्यासाठी मात्र अध्यापनाची पदवी कोणी विचारीत नाही. नेटच्या पहिल्या प्रश्नपत्रिकेतील दहा घटकांपैकी एक अध्यापनाचा; तेवढीच काय ती शिदोरी. एम.एस्सी. होऊन पीएच.डी.साठी नाव नोंदविलेला आपला तरुण तासिका तत्त्वावर रुजू होतो, हजेरीपट हाती घेतो आणि सरळ प्रथम वर्षाच्या वर्गावर जातो.

आणि तो वर्ग कोणाचा? मंठा, भोकरदन, घनसावंगीकडच्या खेड्यांतून एस.टी.ने येणाऱ्या मुलामुलींचा. घरातून महाविद्यालयाची पायरी चढणारे पुष्कळ जण पहिलेच. दहावीला मराठीतून ‘क्षपण’ शिकलेल्या मुलीला फळ्यावरचे ‘रिडक्शन’ म्हणजे तेच, हे कोणी सांगितलेले नसते. ती विचारीत नाही, गप्प राहते. त्या मौनाचा अर्थ नवख्या शिक्षकाला कसा कळावा? तो ज्याला कळतो, ते ज्येष्ठ प्राध्यापक शेजारच्याच वर्गात असतात!

याच जिल्ह्यातील जांब येथे १६०८ मध्ये जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनक्रियेस दिला. अक्षर कसे असावे, बोरू-शाई कशी असावी, इथपर्यंत त्यांनी सांगितले. पोथी उतरविणाऱ्याची एवढी चिंता. मग माणसे घडविणाऱ्याची किती हवी?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमावलीने पीएच.डी.च्या विद्यार्थ्यांस अध्यापनाचे प्रशिक्षण आवश्यक केले आहे. त्यांना आठवड्यास चार ते सहा तास ट्यूटोरियल, प्रयोगशाळा व मूल्यमापनाचे कामही देता येते. तरतूद चांगली आहे. पण परिपत्रक वर्गात जाऊन मागच्या बाकावर बसत नाही. ते आपल्यालाच करावे लागेल.

म्हणून माझी विनंती साधी आहे. पहिल्या पंधरवड्यात नव्या शिक्षकाने ज्येष्ठांचे दोन तास पाहावेत, ज्येष्ठांनी त्याचे दोन पाहावेत. दोष दाखवायचे ते चहा घेताना, विद्यार्थ्यांसमोर नव्हे. पहिल्या चाचणीच्या वीस उत्तरपत्रिका दोघांनी स्वतंत्रपणे तपासून गुण ताडून पाहावेत. आणि त्याचे मानधन वेळेवर निघाले की नाही, ही चौकशी विभागप्रमुखांनी स्वतः कार्यालयात जाऊन करावी. त्या तरुणाला खिडकीपुढे उभे राहावयास लावू नये.