पहिला बांध कुणी घातला? आपल्या मूळपुरुषाचा शोध

(भोसरी इथं रविवारी झालेल्या बैठकीतलं एका कार्यकर्तीचं भाषण. खेड, आंबेगाव, जुन्नर तालुक्यांतली जी पोरं-पोरी पिंपरी-चिंचवड आणि चाकणला कामाला आहेत त्यांची ही बैठक होती. गावाकडच्या माणसांना जास्त उपयोगाचं आहे म्हणून इथं छापलं आहे. ज्यांना वाचता येत नाही त्यांना वाचून दाखवावं.)

मी काही मोठी वक्ता नाही. बारावी झाले आणि चाकणला एका कंपनीत ठेकेदाराकडं लागले. कामाला लागताना अर्जात बापाचं नाव लिहिलं, गाव लिहिलं, तालुका लिहिला. पणजोबाचं नाव कुणी विचारलं नाही. वनहक्काच्या दाव्याला वंशावळ जोडायची ठरली तेव्हा पहिल्यांदा तो प्रश्न आला. आणि मला पणजोबाच्या पुढं एकही नाव येत नव्हतं. मला त्या दिवशी लाज वाटली. तुमच्यातल्या किती जणांना येतं, मनातल्या मनात मोजून बघा.

आधी इथलीच एक गोष्ट सांगते. आपण बसलोय तिथून दापोडी जवळ आहे. १८१८ ला पेशवाई गेली आणि इंग्रज आला. दहा वर्षांनी, १८२८ साली, मुंबईचा गव्हर्नर माल्कम यानं दापोडीत सरकारी बाग काढली. कुठलं झाड, कुठलं औषध इथल्या मातीत येतं ते बघायला. १८३८ पासून त्या बागेवर डॉक्टर गिब्सन नावाचा साहेब होता. आपल्या जुन्नर तालुक्यात हिवऱ्यालाही त्याच्या हाताखाली एक बाग होती. पुढं १८४७ साली हाच गिब्सन मुंबई इलाख्याच्या जंगलाचा पहिला मोठा अधिकारी झाला. म्हणजे आपल्या जंगलावर जे खातं बसलं, त्याचा पहिला साहेब दापोडीच्या बागेतून गेला.

त्या साहेबाचं सगळं सापडतं. कधी आला, काय लावलं, वर सरकारला काय कळवलं. बागेतल्या झाडांची चित्रं काढून घेतली होती, ती आजपण स्कॉटलंडमध्ये एडिंबरोला जपून ठेवलीत. पण चित्रं काढणारा इथलाच माणूस होता, त्याचं नाव कुणाला माहीत नाही. कागद असा असतो बघा. लिहून घेणाऱ्याचं नाव राहतं, हातानं काम करणाऱ्याचं जातं.

आपला मूळपुरुष असाच हातानं काम करणारा. त्यानं डोंगर उतारावर दगड रचून खाचर केलं, राब भाजला, भात लावला, वरच्या अंगाला नाचणी-वरई केली. त्याची बाग कुणी चितारली नाही. मग त्याचं नाव शोधायचं कुठं? मी शोधलं, ते कसं ते सांगते.

पहिलं आजीकडं. आमच्याकडं भादव्यात पितरं घालतात तेव्हा आजी घास टाकताना नावं घ्यायची. लहानपणापासून ऐकत होते, पण कान दिला नव्हता. या वेळी वही घेऊन बसले. आजीनं पाच पिढ्या सांगितल्या. शेवटच्या माणसाबद्दल म्हणाली, "त्यो कोकणातनं शिडीघाटानं वर आला. संगं बायकू आन् एक गाय. हितं तव्हा नुसतं रान व्हतं." मी विचारलं, कुठल्या साली? आजी हसली. मग मी प्रश्न बदलला. होन्याच्या बंडाच्या आधी का नंतर? लगेच उत्तर आलं, "आदी. होन्या पळत व्हता तव्हा याचं पोरगं रांगतं व्हतं."

होन्या कोळी आंबेगावातल्या जांभोरीचा. त्याचं बंड १८७३ ते १८७६. म्हणजे आमचा माणूस त्याच्या आधी वर आला, हे असं कळलं. तुम्हीपण म्हाताऱ्यांना साल विचारू नका, घडलेली गोष्ट विचारा. मानमोडी आली ते १९१८. पानशेत फुटलं ते १९६१. मोठा दुष्काळ १९७२. भीमाशंकरचं अभयारण्य झालं ते १९८५. त्या वेळी तुमचं खाचर होतं का, कोण कसत होतं, एवढं विचारलं की सगळं बाहेर येतं.

दुसरं, कागदाकडं. राजगुरुनगरला किती खेपा घातल्या त्याचा हिशोब नाही. साप्ताहिक सुट्टी रविवारी आणि कचेरी पण रविवारीच बंद, म्हणून दरवेळी खाडा करून जावं लागायचं. आत्ताच्या सातबाऱ्यावर बापाचं आणि चुलत्यांचं नाव. त्याखाली फेरफाराचे नंबर असतात, त्या नंबरांवरून मागं मागं जायचं. एक फेरफार काढला की त्याच्यामागचा नंबर कळतो. मध्येच वाट तुटली, कारण एकत्रीकरणात सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. तेव्हा नऊ तीन, नऊ चारचा उतारा काढला, त्यात जुना नंबर मिळाला आणि वाट पुढं लागली.

आपल्या मुंबई इलाख्यात हक्कनोंदीचा कायदा १९०३ चा. त्यानंतर लिहिलेल्या जुन्या फेरफारापर्यंत मी पोचले. सगळी मोडी. ओळखीच्या एका निवृत्त गुरुजींनी वाचून दिली. त्यात माझ्या खापरपणजोबाचं नाव, पुढं 'बिन', म्हणजे अमक्याचा मुलगा, आणि त्याच्या पुढं आजीनं सांगितलं तेच नाव. घाट चढून आलेल्या माणसाचं. गुरुजींनी दोनदा वाचलं. मला तिथंच रडू आलं. ते नाव मी इथं घेत नाही कारण आमचा दावा अजून चालू आहे.

पण नावाच्या पुढं आडनाव नव्हतं, नुसतं 'कोळी' लिहिलेलं. आपल्या बहुतेकांच्या जुन्या कागदावर असंच आहे. लिहिणाऱ्यानं आडनाव विचारलंच नाही, जात टाकली, ती पण अर्धी. म्हणून आज जात पडताळणीला महादेव कोळी सिद्ध करताना आपली दमछाक होते. एकाच गावात एकाच नावाचे दोन 'कोळी' असले की आपला कुठला हे ठरवायला वंशावळच लागते. नुसता कागद पुरत नाही, नुसती आठवण पण पुरत नाही. दोन्ही एकमेकाला लावून बघावं लागतं.

फेरफारात वाईट गोष्टीपण सापडल्या. खालची चांगली खाचरं एका फेरफारानं सावकाराच्या नावावर गेलेली. आमची माणसं आपल्याच खाचरात कुळ झाली. त्यातलं थोडं कुळकायद्यानं परत आलं, बाकीचं गेलं ते गेलं. राघोजी भांगरे सावकारांवर का उठला, ते मला पुस्तकापेक्षा त्या एका फेरफारानं जास्त कळलं. राघोजीला २ मे १८४८ ला ठाण्याच्या तुरुंगात फाशी दिलं. आमच्या घरात असंही सांगतात, की आमचा मूळपुरुष राघोजीच्या माणसांपैकी होता, म्हणून पळून वर आला. मला ते खरं असावं असं फार वाटतं. पण एकही कागद नाही, दुसऱ्या घरातपण कुणी तसं सांगत नाही. म्हणून दाव्यात ते लिहिलं नाही. आपल्याला खोट्याची गरज नाही. पैसे घेऊन वंशावळ बनवून देणारे फिरतात, त्यांना दारात उभं करू नका. एक नाव खोटं निघालं की चार खरी नावं बुडतात.

मला एक भीती होती ती पण सांगते. आपणच लिहून दिलं की आमचा माणूस कोकणातून आला, तर उद्या म्हणतील की तुम्ही उपरे. गावातले काही जण म्हणाले, हे वाक्य खोडून टाक. मग कायदा वाचला. वनहक्काचा कायदा आदिवासीला विचारतो, की तुम्ही जंगलात राहता का, त्यावर जगता का, आणि १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ती जमीन कसता का. पहिला माणूस आकाशातून पडला की घाट चढून आला, हे विचारत नाही. वाक्य ठेवलं.

आता वरच्या अंगाची नाचणी-वरईची जमीन. ती कागदावर जंगल. तिथं सातबारा नाही, फेरफार नाही. तिथं काय पुरावा द्यायचा? आजीच्या पत्र्याच्या पेटीत तळाला दंडाच्या पावत्या निघाल्या. आजोबाला आणि बापाला अतिक्रमण केलं म्हणून दंड झालेला. घरात त्या लपवून ठेवल्या होत्या, चोरीचा कागद म्हणून. आज त्याच पावत्या सांगतात की हा माणूस अमक्या साली या जागेवर कसत होता. कुणाच्या घरात असल्या पावत्या असतील तर जाळू नका, फेकू नका.

शेवटचा पुरावा वडीलधाऱ्यांचा जबाब. तो दावेदार सोडून दुसऱ्यानं द्यायचा असतो. शेजारच्या वाडीत एक म्हातारबाबा होते. आमची हद्द कुठल्या ऐनापासून कुठल्या ओढ्यापर्यंत, त्यांना तोंडपाठ. ते मला म्हणाले होते, "ये पोरी, लिहून घे." त्या महिन्यात कंपनीत ओव्हरटाइम लागला. रविवारचे दुप्पट पैसे. एक रविवार गेले नाही, दुसरा गेले नाही. तिसऱ्या रविवारी वाड्याच्या एसटीनं उतरून चालत गेले, तर त्यांचा दहावा चालू होता.

दोन रविवारचे पैसे कधीच संपले. ती हद्द आता तेवढ्या खात्रीनं सांगणारं कुणी नाही. आमचा दावा पुरावा कमी आहे असं तोंडी सांगून परत पाठवला. आम्ही लेखी कारण मागितलं, कारण नामंजूर करायचा तर लेखी कारण द्यावंच लागतं, आणि ते हातात आल्यावर साठ दिवसांच्या आत अपील केलं. ते चालू आहे. निकाल काय लागेल ते आज सांगता येत नाही. पण त्या बाबांचा जबाब असता तर माझा बाप आज जास्त ताठ उभा राहिला असता, हे मला माहीत आहे. म्हणून तर तुमच्यापुढं बोलायला आले.

चाकणला आपण काय बघतो? जमिनीचा भाव वाढला की एजंट गावात शिरतो. ज्या घरात वारसनोंद झालेली नाही, भाऊबंद एकमेकाला धरून नाहीत, तिथं तो एकाला गाठतो आणि सही घेतो. आदिवासीची जमीन परवानगीशिवाय बिगर आदिवासीला विकता येत नाही. वनहक्काची तर कुणालाच विकता येत नाही, ती फक्त वारसाला जाते. मग वारस कोण हे तरी घरात पक्कं लिहिलेलं असू दे.

आता कामाचं. एवढं करायचं:

१. दिवाळीच्या आधी प्रत्येक घराची वंशावळ वहीत लिहा. पोरींची आणि सुनांचीही नावं लिहा. वनहक्काचा पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावावर होतो. आमच्या मूळपुरुषाच्या बायकोचं नाव एकाही कागदावर नाही, ते फक्त आजीला येत होतं.

२. सत्तरीच्या पुढची माणसं कोणकोण आहेत त्यांची यादी वनहक्क समितीनं करावी. त्यांचे जबाब आधी. बाकी सगळं नंतर.

३. सातबाऱ्यावरून फेरफार मागं मागं काढा. तहसीलला जन्म-मृत्यूच्या नोंदी बघा, शाळेत जनरल रजिस्टर बघा, भूमी अभिलेखला जुना नकाशा बघा. मोडी दिसली की घाबरू नका, वाचणारे आहेत.

४. पेटीतले सगळे कागद बाहेर काढा. त्यांच्या झेरॉक्स करून दोन घरांत ठेवा.

५. शिवारात जा. जुना बांध, घराचं जोतं, देवाचा दगड, पुरलेल्या माणसांची जागा, सगळ्याचे फोटो काढा आणि कुणी केलं ते लिहा. दाव्याला निदान दोन पुरावे लागतात आणि बांध हापण पुरावा आहे.

जे इथं कामाला आहेत त्यांनी महिन्यातला एक रविवार गावाला द्यायचा. कुणाचा कुठला रविवार ते आज इथंच, उठायच्या आधी, वहीत लिहू. पहिलं नाव माझं लिहा.

जय आदिवासी!