अवधानाचा जमाखर्च
(शताब्दी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाची संहिता)



या व्याख्यानमालेचे निमंत्रण घेऊन आपले कार्यवाह घरी आले तेव्हा मला प्रथम संकोच वाटला. इतिहास, साहित्य, संगीत या क्षेत्रांतील अधिकारी व्यक्तींनी या व्यासपीठावरून बोलावे ही येथली परंपरा. मी पडले संगणकप्रणाली लिहिणारी आणि सांभाळणारी अभियंता. तसे मी बोलूनही दाखवले. त्यावर कार्यवाह हसून म्हणाले, "ताई, आमच्या सभासदांची सध्या एकच तक्रार आहे. वाचायला वेळ मिळत नाही. तो वेळ तुमच्या धंद्यातल्या मंडळींनी बनवलेल्या यंत्रांनी खाल्ला, असे सगळे म्हणतात. तेव्हा खुलासाही तुम्हीच करा." त्यामुळे आज मी व्याख्याती म्हणून उभी आहे, असे न समजता आरोपी म्हणून उभी आहे, असे समजावे.

तयारीसाठी मी प्रथम आपल्या देवघेव विभागात गेले. ग्रंथपालांनी कौतुकाने माझ्या बालपणीच्या नोंदी काढून दाखवल्या. १९८६ साली, म्हणजे मी अकरा वर्षांची असताना, माझ्या नावावर एका वर्षात ७१ पुस्तके चढली होती. पुढे शिक्षण आणि नोकरी यांसाठी मी बडोदे सोडले. २०२० साली घरूनच काम करण्याची मुभा मिळाली तेव्हा परत आले आणि वर्गणी भरून पुन्हा सभासद झाले. त्या पहिल्या वर्षीच्या माझ्या नोंदी चार. त्यांपैकी तीन पुस्तके मी न वाचताच परत केली होती, हे नोंदवहीत लिहिलेले नाही. ते मी आज आपणांस सांगते आहे.

याच सुमारास घडलेल्या दोन गोष्टींमुळे मला या विषयाचा विचार करणे भाग पडले.

पहिली कामावरची. संगणकाच्या पडद्यावर माझ्यासमोर दोन खिडक्या उघड्या होत्या. एकीत चाचणीसाठी तयार केलेली माहितीची नक्कल होती, दुसरीत प्रत्यक्ष व्यवहारातली खरी माहिती. चाचणीच्या खिडकीतली जुनी माहिती पुसण्याची आज्ञा मी लिहीत होते. तेवढ्यात कोपऱ्यात एका सहकाऱ्याचा निरोप उमटला. प्रश्न अगदीच किरकोळ होता. मी उत्तर दिले, परत वळले आणि आज्ञा दिली. ती दुसऱ्या खिडकीत. ग्राहकांच्या मागण्यांची अख्खी नोंद क्षणार्धात नाहीशी झाली. आदल्या रात्रीची प्रत शाबूत होती म्हणून निभावले; तरी त्या दिवसाच्या नोंदी पुन्हा जुळवण्यात आम्हा चौघांचे नऊ तास गेले. चूक सर्वस्वी माझी होती. मला काम येत नव्हते म्हणून ती झाली नाही. त्या क्षणी मी तेथे नव्हते म्हणून झाली.

दुसरी गोष्ट घरातली. माझे वडील, नाना, या ग्रंथालयाचे जुने सभासद. अलीकडे त्यांची दृष्टी अधू झाली आहे. त्यामुळे रविवारी सकाळी तासभर मी त्यांना कादंबरी वाचून दाखवावी असे ठरले. एका रविवारी मी वाचत होते. फोन शेजारी उताणा ठेवलेला होता आणि त्यावर अधूनमधून प्रकाश पडत होता. थोड्या वेळाने नाना शांतपणे म्हणाले, "हे पान तू मघाशी वाचलंस." ज्यांना पान दिसत नव्हते त्यांना हे कळले, आणि जिच्या डोळ्यांसमोर पान होते तिला कळले नव्हते. मला अतिशय लाज वाटली.

या दोन्ही प्रसंगी माझ्याकडे वेळ होता. नव्हते ते अवधान. आपण 'वेळ मिळत नाही' म्हणतो तेव्हा पुष्कळदा आपल्याला हेच म्हणायचे असते. आपल्या भाषेला हा शब्द नवा नाही. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी ज्ञानदेव श्रोत्यांकडे मागतात ते अवधानच. अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे हर्बर्ट सायमन यांनी १९७१ साली हाच विचार हिशेबाच्या भाषेत मांडला. माहिती जेथे विपुल होते तेथे ती जे खर्च करते त्याचा तुटवडा पडतो, आणि माहिती खर्च करते ती माणसाचे अवधान, असा त्याचा आशय आहे. त्या काळी कोणाच्या खिशात फोन नव्हता हे लक्षात घेतले म्हणजे या विचाराचे मोल कळते.

पुढे संशोधकांनी या तुटवड्याची मोजदाद केली. सोफी लरॉय यांनी २००९ साली दाखवले की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळल्यावर मनाचा काही अंश पहिल्या कामातच गुंतून राहतो आणि दुसरे काम त्या मानाने निकृष्ट होते. कॅलिफोर्नियातील ग्लोरिया मार्क यांनी कार्यालयात काम करणाऱ्यांचे वर्षानुवर्षे निरीक्षण केले. पडद्यावरच्या एका गोष्टीवर माणूस २००४ साली सरासरी अडीच मिनिटे टिकत असे. त्यांच्या अलीकडच्या मोजणीत हा काळ ४७ सेकंदांवर आला. त्यांचे २००८ सालचे एक निरीक्षण तर मला माझेच चरित्र वाटले. व्यत्यय आलेली माणसे काम उरकतात झपाट्याने, परंतु अधिक ताण सोसून. म्हणजे दिवसाअखेर काम झालेले दिसते, आणि माणूस मात्र पिळून निघालेला असतो.

आता उपाय. माझ्या व्यवसायात उपायांची वाण नाही. कामांच्या याद्या ठेवणारी, मिनिटे मोजणारी, स्मरण देणारी किती तरी साधने मी वापरून पाहिली. शेवटी ध्यानात आले की ही साधने सांभाळणे हेच एक नवे काम होऊन बसले आहे. जे उपयोगी पडले ते मला येथे, आपल्या ग्रंथालयाच्या रीतीत सापडले. तेच आज सांगते.

बडोदेकरांना या रीतीचा वारसा सांगावा लागू नये. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून विल्यम बॉर्डन या ग्रंथपालांना आणले. त्यांनी तीन वर्षे येथे राहून संस्थानच्या ग्रंथालयांची घडी बसवली, ग्रंथपालांना शिक्षण दिले. लाकडी पेट्यांतून पुस्तके खेडोपाडी जाऊ लागली. पुढे १९३१ साली मद्रासचे शि. रा. रंगनाथन यांनी ग्रंथालयशास्त्राचे पाच सिद्धान्त प्रसिद्ध केले. मूळचे ते गणिताचे अध्यापक. त्यांचा चौथा सिद्धान्त असा, की वाचकाचा वेळ वाचवा. ग्रंथालयातली वर्गवारी, तालिका, दाखल अंक हे सारे त्यासाठी. वाचकाने शोधाशोधीत शिणू नये. त्याचे बळ वाचनासाठी उरावे.

पहिली रीत दाखल नोंदवहीची. ग्रंथालयात आलेले पुस्तक, मग ते विकत घेतलेले असो की देणगीचे, नोंदवहीत चढल्यावाचून फडताळात जात नाही. मी माझ्या कामांना हाच नियम लावला. कोणी तोंडी सांगो, पत्राने कळवो की फोनवर निरोप धाडो, ते एकाच वहीत उतरते. मनात काही साठवून ठेवायचे नाही. यामागे शास्त्रही आहे. अपुरी कामे मनाला टोचत राहतात, हे ब्लूमा झायगार्निक यांनी १९२७ साली मांडले. २०११ साली मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांनी त्यात महत्त्वाची भर घातली. ही टोचणी थांबण्यासाठी काम पुरे होण्याची आवश्यकता नसते. ते केव्हा आणि कसे करायचे याचा निश्चित बेत केला तरी मन निवांत होते.

दुसरी रीत परतीच्या तारखेची. तारखेचा शिक्का मारल्याखेरीज येथून पुस्तक बाहेर जात नाही. आपण मात्र 'बघते', 'करते' अशी आश्वासने बिनतारखेची देतो आणि ओशाळे होतो. मी आता एक तर तारीख सांगते किंवा नम्रपणे नाही म्हणते. नाही म्हणणे प्रारंभी जड गेले. परंतु माणसांना नकारापेक्षा टोलवाटोलवीचा राग अधिक येतो, असा माझा अनुभव आहे.

तिसरी रीत जीर्ण ग्रंथ बाद करण्याची. जागा मर्यादित असते, म्हणून ग्रंथपाल वर्षातून एकदा मन कठोर करतो. माझ्या फोनमध्ये मीच घेतलेली कितीतरी उपकरणे आणि मीच होकार दिलेले कितीतरी गट होते. ज्यांच्यावाचून महिनाभर काही अडले नाही ती सगळी मी काढून टाकली. नातेवाइकांच्या गटांतून मी बाहेर पडले नाही, त्यांचा आवाज तेवढा बंद केला. आप्त दुखावू नयेत, ही काळजीही हिशेबात धरावीच लागते.

चौथी रीत वाचनकक्षाची. तेथे बोलण्यास मनाई आहे, परंतु माणसांना मनाई नाही. बोलायचे असेल त्याने व्हरांड्यात जावे. मी दिवसाचे पहिले दोन तास असा वाचनकक्ष केला. फोन दुसऱ्या खोलीत, निरोपांची खिडकी बंद. निरोप पाहण्याच्या वेळा दिवसात तीन. खरोखरच निकड असेल तर सहकारी दूरध्वनी करतात. तसे फार थोड्यांना करावे लागले, आणि त्यामुळे माझ्या महत्त्वाविषयीचा भ्रमही कमी झाला.

येथे मोठ्यांचे उदाहरण आठवते. संगणकशास्त्रातले ऋषितुल्य आचार्य डोनाल्ड नुथ यांनी सुमारे पंधरा वर्षे वापरल्यावर १ जानेवारी १९९० पासून ई-मेल सोडले आणि ग्रंथलेखनाकडे लक्ष वळवले. आपल्या गावचा दाखला याहून जवळचा आहे. रियासतकार सरदेसाई यांनी मराठी रियासतीचे लेखन हाती घेतले ते बडोद्याच्या राजसेवेत असतानाच. निवृत्तीनंतर त्यांनी पेशवे दफ्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड १९३० ते १९३४ या काळात संपादित केले. मात्र एक सांगितले पाहिजे. नुथ यांची पत्रे हाताळण्यास चिटणीस होत्या. ज्या तरुणाला साहेबाचा निरोप पाच मिनिटांत न उचलल्यास जाब द्यावा लागतो, किंवा ज्या गृहिणीचा दिवस दाराच्या घंटेने तुटतो, त्यांना 'निग्रह करा' एवढेच सांगणे हा अन्याय आहे. अवधानाची चोरी हा केवळ व्यक्तीचा दोष नव्हे. पडदा सरकत राहावा, मजकुराला शेवट असू नये, लाल ठिपका दिसत राहावा, यासाठी माझ्या व्यवसायातली बुद्धिमान माणसे पगार घेऊन राबतात. त्या व्यवसायाची मीही एक घटक आहे, म्हणून हे कबूल करणे मला प्राप्त आहे.

ज्येष्ठ सभासदांसाठी एक व्यावहारिक सूचना. पूर्वी घराचे कागद रुमालात बांधून पेटीत असत. आता खरेदीखत, विम्याचे कागद, नातवंडांची छायाचित्रे हे सारे एका फोनात असते, आणि फोन रिक्षात विसरतो. आमच्याकडे नियम आहे: प्रती तीन, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. त्या दिवशी मला अशाच एका प्रतीने वाचवले. परवलीचा शब्द लांब असावा आणि बँकेचा शब्द दुसरीकडे वापरू नये. स्मरणात राहत नसेल तर वहीत लिहून ती कपाटात कुलुपात ठेवावी. कपाट फोडणाऱ्या चोरापेक्षा दूर बसलेल्या चोराचे भय आज अधिक आहे. आणि त्या वहीची जागा घरातल्या एका विश्वासू माणसाला ठाऊक असावी. आपल्या पश्चात घरच्यांची धावपळ होऊ नये.

शेवटचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. या रीतींनी माझा वेळ वाचला. पण वाचलेला वेळ प्रथम मी पुन्हा कामातच घातला. नॉर्थकोट पार्किन्सन यांनी १९५५ साली विनोदाने म्हटले होते की जेवढा वेळ द्यावा तेवढे काम पसरते. ते अक्षरशः प्रत्ययास आले. नीटनेटके होण्याचाही एक हव्यास असतो. तेव्हा कोठे कळले की रंगनाथन यांनी वाचकाचा वेळ वाचवा म्हटले ते वाचकाने वाचावे म्हणून. वेळ वाचवणे हे साध्य नव्हे.

मी लहानपणीसारखी सलग वाचू लागले, असे सांगितले तर ते खोटे ठरेल. आरंभी आठ पानांनंतर हात फोनकडे जाई. आता चाळीसएक पाने बसून वाचते. ७१ चा आकडा पुन्हा गाठणे कठीण दिसते. गेल्या वर्षी १९ पुस्तके झाली, आणि ती वाचून परत केली. रविवारचे वाचन चालू आहे. फोन त्या वेळी स्वयंपाकघरात डब्यांच्या फळीवर असतो. नाना आज पहिल्या रांगेत बसले आहेत, तेव्हा अतिशयोक्ती करण्याची सोय नाही. गेल्या कित्येक महिन्यांत त्यांनी मला पान दुसऱ्यांदा वाचताना पकडलेले नाही.

आपल्या संस्थेने शंभर वर्षे पुस्तके सांभाळली. पुढच्या काळात पुस्तके कदाचित अन्यत्रही मिळतील. परंतु जेथे कोणी हाक मारणार नाही अशी एक खुर्ची, एक टेबल आणि एक खिडकी मिळणे दुर्मिळ होत जाईल. वाचनकक्षाच्या दारात फोन ठेवण्यासाठी एक लाकडी फडताळ करावे अशी माझी कार्यकारी मंडळास विनंती आहे. त्याचा खर्च मी आनंदाने देईन, आणि पहिला फोन माझा ठेवीन.