यंत्राची भाषा आणि कारागिराचा हात
(रहाटणी येथे कामगारांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर)



रहाटणीहून भोसरी-चाकणला पाळीवर जाणाऱ्या सीएनसी ऑपरेटरला ‘जी शून्य एक’चा अर्थ सांगावा लागत नाही : हत्याराने सरळ रेषेत कापत जावे. परंतु असले हुकूम ड्रॉइंगवरून आपोआप तयार व्हावेत यासाठी भाषा रचणारा डग्लस रॉस त्याला सहसा कोणी सांगत नाही.

रॉसचा जन्म 1929 साली चीनमधील कँटन येथे, अमेरिकन मिशनरी दांपत्याच्या पोटी झाला. पुढे हा गणिताचा पदवीधर एमआयटीत आला. तेथे 1952 मध्ये आकड्यांच्या फितीवर चालणारे मिलिंग यंत्र दाखविण्यात आले होते. पैसा अमेरिकन विमानदलाचा. पण वक्र भागासाठी फितीवरचे असंख्य बिंदू आधी गणिताने काढावे लागत, आणि तेथे सारे अडे. 1956 पासून रॉस व त्याच्या सहकाऱ्यांनी ‘एपीटी’ ही भाषा घडविली. टांगेवाल्याला वाट सांगावी तसे तिचे हुकूम : या रेषेच्या डाव्या अंगाने चल, त्या वर्तुळापाशी उजवीकडे वळ. मधले बिंदू संगणक काढी. 25 फेब्रुवारी 1959 रोजी ही भाषा जाहीर झाली, तेव्हा तिच्या साहाय्याने कापलेली ॲल्युमिनियमची राखदाणी भेट म्हणून देण्यात आली. विमानदलाच्या एवढ्या खर्चातून वार्ताहरांच्या हाती आली ती राखदाणी!

तथापि दुसरी वाटही होती. 1940 च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने असे यंत्र बनविले होते की, कुशल कारागिराने पहिला जॉब हाताने करावा, त्या हालचाली फितीवर नोंदल्या जाव्यात आणि पुढचे जॉब यंत्राने करावेत. ती पद्धत मागे पडली. कारागिराच्या हातची सत्ता व्यवस्थापनाला नकोशी होती, हे त्याचे एक मोठे कारण, असे इतिहासकार डेव्हिड नोबल यांनी 1984 च्या आपल्या ग्रंथात प्रतिपादिले. विमानाचे अवघड वक्र भाग हाताने नोंदवून साधले नसते, हेही खरेच. पण साध्या जॉबना ती अडचण नव्हती.

यात रॉसच्या भाषेला दोष देणे अन्यायाचे होईल. ती ड्रॉइंग वाचणाऱ्या टर्नर-फिटरला शिकता येण्याजोगी होती; तिची जागा ऑफिसात ठरली, ती भाषेने ठरविली नाही. आज कित्येक यंत्रांवर प्रोग्रॅम बदलण्याची एक किल्ली असते. ती सुपरवायझरच्या खिशात राहिली की कंत्राटी ऑपरेटरला जॉब चढवून बटण दाबण्यापलीकडे काम उरत नाही, आणि बटण दाबणाऱ्याचा पगार तसाच ठरतो. मागणीपत्रकात पगारवाढ व बोनस यांच्याखाली प्रोग्रॅमिंगच्या प्रशिक्षणाचे आणि या किल्लीचे कलम येत्या करारापासून घालता येईल.