कारवीच्या फुलोऱ्यासाठीं

पवईच्या उंच इमारतींतून उत्तरेकडे पाहिलें म्हणजे तलावापलीकडे डोंगरांची निळसर रांग दिसते. तेंच संजय गांधी राष्ट्रीय उद्यान. क्षेत्रफळ १०३ चौरस किलोमीटरांहून अधिक, आणि चोहोंकडून महानगराचा वेढा. पवईचा कावळा घटकेच्या आंत त्या रानांत पोंचत असेल. माणसाला मात्र जोगेश्वरी-विक्रोळी रस्त्यानें पश्चिम द्रुतगति मार्ग गांठून, सुमारें सोळा किलोमीटरांचा वळसा घेऊन, बोरिवलीच्या दारीं उभें राहावें लागतें. रान परसांत आणि दार दूर, असा हा प्रकार आहे.

पवईंतील एका कुटुंबानें २०२४ च्या सप्टेंबर-अखेरीस हा वळसा घेतला, तो अगदीं अवचित. शनिवारीं दुपारीं शेजाऱ्यानें सहज सांगितलें, "कान्हेरीच्या डोंगरावर कारवी फुलली आहे." घरांतील शहात्तर वर्षांच्या आजी पाय शेकीत बसल्या होत्या. त्यांनीं विचारलें, "पुन्हां कधीं फुलेल?" नातवानें हिशेब केला: आठ वर्षांनीं एकदां; मागें २०१६, आतां २०२४, पुढें २०३२. आजी कांहीं बोलल्या नाहींत. पण मुलाला जें समजायचें तें समजलें, आणि संध्याकाळपर्यंत त्यानें दूरध्वनीवरून एक 'कॅम्पर' भाड्यानें ठरविली. कॅम्पर म्हणजे चाकांवरचें घर: आंत निजण्याच्या फळ्या, चूल, पाण्याची टाकी. २०२१ सालीं महाराष्ट्र शासनानें अशा गाड्यांतील पर्यटनासाठीं स्वतंत्र धोरणही जाहीर केलें आहे. सोळा किलोमीटरांसाठीं एवढा सरंजाम हास्यास्पद वाटेल; परंतु आजींच्या गुडघ्यांना आडवें होण्याची सोय हवी होती, आणि मुलांना रात्रीं जंगलांत निजावयाचें होतें. पहिलें कारण खरें, दुसरें अज्ञानाचें.

रविवारीं सकाळीं दारावरील वनरक्षकानें गाडीकडे एकवार पाहिलें आणि मुलांच्या बेताची वासलात लावली. "साहेब, परवानगीशिवाय रात्रीचा मुक्काम नाहीं. दिवे लागायच्या आंत सगळ्यांनीं बाहेर. आणि मळलेल्या वाटा सोडून रानांत शिरायचें तर वाटाड्या बरोबर पाहिजे." मुलगा थोडा चिडला. "कर भरतों आम्ही," असें कांहींसें पुटपुटलाही. आजी म्हणाल्या, "अरे, घर त्यांचें नि वेळ आपण ठरवायची होय?"

'त्यांचें' म्हणजे कोणाचें, हें शहरवासीयांनीं नीट समजून घेण्यासारखें आहे. हें रान मुळांत राखलें गेलें तें मुंबईच्या तहानेपायीं. १८६० सालीं विहार तलाव पुरा झाला आणि मुंबईकरांच्या घरीं नळाचें पाणी येऊं लागलें. १८७९ मध्यें तुळशी तलाव झाला. ह्या दोन तलावांचें पाणी स्वच्छ राहावें म्हणून भोवतींचे डोंगर मोकळे ठेवावे लागले. पवईकडून रानांत सरळ वाट नाहीं ती ह्यामुळेंच. मधें विहार आहे. खुद्द पवईचा तलाव १८९१ चा. त्याचें पाणी पिण्याजोगें निघालें नाहीं, पण विहार आणि पवई यांच्या सांडव्यांतून मिठी नदी वाहते. २००५ सालच्या २६ जुलैला सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस कोसळला तेव्हां तिनें काय केलें, तें उपनगरांत कोणास सांगावयास नको. हें डोंगर उघडे असते तर तें पाणी आणखी वेगानें खालीं आलें असतें.

दुसरा घरधनी बिबट्या. २००४ सालीं उद्यानाच्या कडेनें त्याच्या हल्ल्यांत अनेक माणसें दगावलीं. त्या वेळीं लोकांची मागणी एकच: पकडा आणि दूर नेऊन सोडा. विद्या अत्रेय प्रभृति अभ्यासकांनीं पुढें दाखवून दिलें, कीं असा उचलबांगडी झालेला बिबट्या अनोळखी मुलुखांत अधिकच गोंधळतो, आणि रिकाम्या जागीं दुसरा येतो. २०११ पासून वनखातें, अभ्यासक आणि नागरिक यांनीं मिळून निराळा मार्ग धरला: कचरा हटवावा, म्हणजे कुत्रीं घटतात, कुत्रीं घटलीं कीं बिबट्याला वस्तींत येण्याचें प्रयोजन उरत नाहीं.

मंडळी लेण्यांपाशीं पोंचलीं तेव्हां ऊन चढलें होतें. कृष्णगिरीचें कान्हेरी झालें. काळ्या पाषाणांत शंभराहून अधिक लेणीं. इसवी सनापूर्वींच्या पहिल्या शतकापासून दहाव्या शतकापर्यंत भिक्षूंचा येथें राबता. कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांचीं दानें शिलालेखांत नोंदलेलीं आहेत, आणि लेण्यालेण्यापाशीं पाण्याची कोरीव पोढी. तिसऱ्या लेण्यांतील सुमारें तेवीस फुटी बुद्धमूर्तीपाशीं आजी दम घेण्यास टेकल्या. तेथून पुढें पायऱ्या.

"आई, तुम्ही इथेंच बसा, आम्ही चित्र काढून आणतों," सून म्हणाली.

"चित्र घरींही पाहिलें असतें," आजी म्हणाल्या, आणि उठल्या.

पायऱ्या चढावयास पाऊण तास लागला. वरच्या उतारावर कारवी पसरलेली होती: जांभळी, निळी, माणसाच्या उंचीहून उंच, मधमाशांनीं घुमघुमणारी. आजींनीं फुलाला हात लावला नाहीं, काठीला लावला. "माझ्या माहेरीं कर्जतकडे भिंती ह्याच्या होत्या," त्या नातवाला सांगूं लागल्या. "कारवीचा कुड, वरून शेणमातीचा गिलावा. पहिल्या पावसांत सुकलेलीं बोंडें तडतड फुटत, आणि माझी आई म्हणे, कारवी बोलते." फुलून बीं धरलें कीं हें झुडूप मरतें, हें नातवानें तेथेंच प्रथम ऐकलें. त्यानें पुढें कांहीं विचारलें नाहीं.

उतरतांना मात्र घोटाळा झाला. आजींचा वेग मंद, ऊन कलतें, आणि धाकटा नातू वाटाड्याला मागें टाकून वळणाआड गेला. तेवढ्यांत खालच्या झाडींत वानरांनीं खकारण्यास सुरुवात केली. बरोबरचा पाड्यावरचा वारली तरुण थबकला. त्यानें मोठ्यानें मुलाला हांक मारली, त्याला परत बोलाविलें आणि सर्वांना एकत्र उभें केलें. मुलें मधें, मोठीं कडेला. "आजी, बोलत राहा, जोरानें बोला. कोणी खालीं वांकूं नका." आजींनीं मोठ्यानें रामरक्षा सुरू केली. झाडींत कांहीं हललें कीं नाहीं, ह्यावर त्या घरांत अजून एकमत नाहीं. दहा मिनिटांनीं वानरें शांत झालीं. धाकट्याचा हात मात्र बापानें गाडीपर्यंत सोडला नाहीं, आणि दारावर पोंचतांच त्यानें वनरक्षकाला आपण होऊन नमस्कार केला.

रात्रीं कॅम्पर पवईच्या इमारतीच्या आवारांत उभी राहिली. भाडें तर दिलेलेंच होतें; मुलें तिच्यांतच निजलीं. मध्यरात्रीं कुंपणापलीकडे कुत्रीं एकदम भुंकूं लागलीं आणि तितक्याच एकदम गप्प झालीं. थोरल्यानें उठून खिडकीची कांच लावली.