गाठीची जात आणि औषधाची निवड
(सुवर्णमहोत्सवी आरोग्य मेळाव्यातील भाषण)



मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, व्यवसायाने कापडाचा व्यापारी. वैद्यकशास्त्रावर अधिकारवाणीने बोलण्याचा माझा वकूब नाही. तथापि थोरल्या बंधूंच्या आजारपणात डॉक्टरांकडून जे समजले व पुढे वाचनातून जे उमगले, ते आपल्यापुढे ठेवावे म्हणून उभा आहे. विषय आहे, मोठ्या आतड्यातून यकृतादी अवयवांत पसरलेला कर्करोग.

निदान झाले की कुटुंबीय विचारतात, 'किती दिवस?' आणि लगेच, 'सर्वांत भारी इंजेक्शन कोणते?' त्यासाठी दागिने मोडले जातात, नातलगांकडे शब्द टाकला जातो. परंतु त्याआधी विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे : गाठीची जनुकीय तपासणी झाली का?

एकाच भावाचे, एकाच रंगाचे दोन ताके गिऱ्हाइकाला सारखेच दिसतात. एक धुण्यात टिकतो, दुसऱ्याचा रंग जातो. सूक्ष्मदर्शकाखाली सारख्या दिसणाऱ्या गाठींचेही तसेच आहे.

सिटुक्सिमॅब हे औषध घ्या. कर्कपेशीच्या पृष्ठभागावर वाढीचा संदेश जेथे स्वीकारला जातो, ती जागा ते अडवून धरते. पण पेशीच्या आत 'केरास' नावाच्या जनुकात बदल झालेला असेल, तर बाहेरून संदेश न येताही वाढीचा हुकूम सुटतच राहतो. दारावर पहारा बसवला, पण घरभेदी आतच! कॅनडा व ऑस्ट्रेलियातील, केमोथेरपीचे उपाय थकलेल्या रुग्णांचा अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला. केरास शाबूत असलेल्यांत औषध न घेणाऱ्यांचा मध्यम जीवनकाळ ४.८ महिने, तर घेणाऱ्यांचा ९.५ महिने होता. केरास बदललेल्यांत मात्र हेच आकडे ४.६ आणि ४.५ असे निघाले. म्हणजे खर्च झाला, अंगावर पुरळ उठले, पदरात काही नाही. पुढे 'एनरास' या भावंड जनुकाचीही तपासणी आवश्यक ठरली. पसरलेल्या रोगात सुमारे निम्म्या रुग्णांत या दोहोंपैकी एकात बदल आढळतो.

बंधूंच्या अहवालात केरासचा बदल निघाला. हे इंजेक्शन उपयोगी नाही, असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले, तेव्हा घरातील काहींना वाटले की डॉक्टर हात आखडता घेत आहेत. वस्तुतः ते आमचा पैसा आणि रुग्णाचे हाल, दोन्ही वाचवीत होते.

काही खुणा औषध लागू पडेल की नाही हे सांगतात, तर काही रोगाची चालही सांगतात. 'बीराफ' जनुकातील एक विशिष्ट बदल शंभरांत आठ-दहा जणांत सापडतो व तो रोग उग्र असल्याचे दर्शवितो. तरीही त्यावर नेमका घाव घालणाऱ्या एन्कोराफेनिबला, सिटुक्सिमॅबच्या जोडीने, अमेरिकेत २०२० मध्ये मान्यता मिळाली.

आता जे सांगतो ते निरोगी माणसांनीही ऐकावे. पसरलेल्या रोगाच्या शंभरांत चार-पाच रुग्णांत पेशीची जनुकीय चुका दुरुस्त करणारी यंत्रणाच निकामी असते. अशांना प्रथमपासून पेम्ब्रोलिझुमॅब दिले असता रोग १६.५ महिने आटोक्यात राहिला, केमोथेरपीने ८.२ महिने, हा मध्यम काळ २०२० सालच्या अभ्यासातला. हा दोष काही वेळा वंशागत असतो, त्याला लिंच सिंड्रोम म्हणतात. अमेरिकेतील अ‍ॅन आर्बर येथे १८९५ मध्ये एका शिवणकाम करणाऱ्या स्त्रीने डॉ. वॉर्थिन यांना सांगितले होते, 'आमच्या घरात सगळे कर्करोगानेच जातात, मीही जाईन.' ती तशीच गेली. तिच्या कुळाचा वृत्तांत त्यांनी १९१३ साली प्रसिद्ध केला. आज त्याच दोषाची तपासणी होऊ शकते. तो आई वा वडिलांत असेल, तर प्रत्येक अपत्यात येण्याची शक्यता निम्मी असते. दोष असलेल्यांनी ठरावीक अंतराने दुर्बिणीने आतडे तपासून घेतले, तर गाठ होण्याआधीच मोड काढता येतो.

आपल्याकडे मात्र सोयरिकीत अडथळा नको म्हणून असा आजार झाकला जातो. 'पोटाचा विकार होता', एवढेच सांगतात. सख्ख्या भाच्या-पुतण्यांनाही खरे कळत नाही. सोयरीक एखादी हुकेल, पण तपासणीची वेळ हुकली तर काय, याचा विचार व्हावा.

तपासणीसाठी पुष्कळदा नव्याने तुकडा काढावा लागत नाही. बायोप्सीचा तुकडा मेणाच्या वडीत जपून ठेवलेला असतो, ती वडी प्रयोगशाळेकडे मागता येते. म्हणून विश्वस्त मंडळाला माझी विनंती आहे की, वैद्यकीय साहाय्य निधीतून अशा रुग्णांच्या तपासणीचा खर्च आधी द्यावा आणि भारी इंजेक्शनाच्या अर्जासोबत तिचा अहवाल मागवावा.