टेकडीवरचे दिवे

(संस्थेच्या वार्षिक संमेलनातील भाषण)



जपानविषयी चार शब्द बोलावेत, अशी मला आज्ञा झाली आहे. आपल्याला वाटत असेल, की हे गुरुजी आता वेगवान गाड्या आणि मोठमोठे कारखाने यांचे वर्णन करतील. ते सर्व आपण चित्रांत पाहिलेले आहे. मी आज तिथल्या एका लहानशा टेकडीविषयी बोलणार आहे.

प्रथम मी तिथे कसा पोहोचलो ते सांगतो, कारण आपल्यातील तरुण शिक्षकांना त्याचा उपयोग होईल. जपान सरकार परदेशातील शिक्षकांना दीड वर्षापर्यंतच्या प्रशिक्षणासाठी शिष्यवृत्ती देते. पदवी, शिकवण्याचा पाच वर्षांचा अनुभव आणि वय पस्तीसच्या आत, या तिच्या प्रमुख अटी. या योजनेतून मला सप्पोरो शहरात राहण्याची संधी मिळाली. सप्पोरो हे जपानच्या उत्तरेकडील होक्काइडो बेटावरचे सुमारे वीस लाख वस्तीचे शहर. सैबेरियाकडून येणारा थंड वारा वाटेत समुद्राची वाफ उचलतो आणि इथल्या डोंगरांवर बर्फ करून टाकतो. एका हिवाळ्यात या शहरावर सरासरी पाच मीटरच्या आसपास बर्फ पडते. मे महिन्यात बेचाळीस-त्रेचाळीस अंशांत भाजून निघणाऱ्या नांदेडच्या माणसाची तिथे काय अवस्था झाली असेल, याची कल्पना आपणच करा!

सप्पोरोहून आगगाडीने पाऊण तासाच्या आत ओतारू नावाचे बंदर लागते. गावाला लागूनच तेंगूयामा नावाची टेकडी आहे. उंची साधारण ५३२ मीटर, म्हणजे आपल्या सह्याद्रीपुढे तिचे काही कौतुक नाही. तिच्या उतारावर लोक स्की खेळतात. पायांना लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरत खाली यायचे, असा हा खेळ. जानेवारीत तिथे साडेचारच्या सुमारास सूर्य मावळतो. मी पोहोचलो तेव्हा अंधार पडला होता. मनात म्हटले, आता काय पाहायचे? आणि वर पाहतो तो काय, सगळा उतार दिव्यांनी उजळलेला! खांबांवर दिवे लावलेले, बर्फ पांढरे, त्यामुळे प्रकाश दुप्पट वाटत होता. खाली गावाचे दिवे आणि त्यापलीकडे काळा समुद्र. रात्रीच्या या खेळाला ते लोक ‘नाईटर’ म्हणतात. इंग्रजी ‘नाईट’वरून त्यांनीच रात्रीच्या बेसबॉलसाठी घडवलेला हा शब्द, पुढे स्कीलाही लागू झाला.

मला वाटले होते, हा श्रीमंतांचा शौक असेल. पण शाळा सुटल्यावर आलेली मुले, कचेरीतून परस्पर आलेले बाप आणि पांढऱ्या केसांचे आजोबा, असेच लोक जास्त दिसले. मोठ्या भावाचे बूट धाकट्याच्या पायात, असेही पाहिले. मीही भाड्याच्या पट्ट्या बांधल्या आणि दहा पावलांत आडवा झालो. आठ-नऊ वर्षांची एक मुलगी आधी खुदकन हसली. मग तिने जवळ येऊन दाखवले, की उठताना पट्ट्या उताराला आडव्या धरायच्या आणि थांबायचे असेल तर पुढची टोके जवळ आणून मागची लांब करायची. गुरुजींना त्या दिवशी गुरू मिळाला!

एका आजोबांना मी विचारले, इतक्या थंडीत रात्री दिवे कशासाठी? त्यांच्या उत्तराचा आशय असा, की मुलांचा दिवस शाळेत जातो, मोठ्यांचा कामात जातो. दिवे लावले नाहीत, तर ही टेकडी रिकाम्या लोकांचीच राहील.

मित्रांनो, हा खेळ जपानचा नव्हे. १२ जानेवारी १९११ रोजी निइगाता प्रांतातील ताकादा येथे थिओडोर फॉन लेर्ख नावाच्या ऑस्ट्रियन लष्करी अधिकाऱ्याने जपानी सैनिकांना स्कीचे धडे द्यायला सुरुवात केली. १९७२ साली सप्पोरोत हिवाळी ऑलिंपिक भरले, तेव्हा सत्तर मीटर स्की-उडीत सुवर्ण, रौप्य आणि कांस्य ही तिन्ही पदके जपाननेच घेतली. सुवर्ण मिळवणारा युकिओ कासाया हा ओतारूच्या शेजारच्या योइची येथील शाळेत शिकलेला. परक्याकडून शिकलेली विद्या साठ वर्षांत आपली झाली, ती उतार मुलांच्या घराजवळ होता म्हणून. आपल्याकडेही उदाहरण आहे. २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकच खेळाडू होता, काश्मीरमधील गुलमर्गजवळचा आरिफ खान. जायंट स्लालम शर्यतीत तो पंचेचाळिसावा आला. त्याच्या वडिलांचे स्कीच्या सामानाचे दुकान होते आणि लहानपणापासून त्याला उतार मिळाला.

आता आपण म्हणाल, गुरुजी, नांदेडला बर्फ कुठून आणायचे? बर्फ नको. मला दिव्यांविषयी बोलायचे आहे.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात नववीचा एक मुलगा होता. गणितात हुशार. घरची अडचण होती म्हणून शाळा सुटली की गॅरेजवर जायचा आणि रात्री नऊला घरी. घरात एकच खोली, सात माणसे. सकाळी तो उशिरा यायचा. एकदा रागाच्या भरात मी त्याला सर्वांसमोर म्हणालो, “वेळेवर येता येत नसेल तर येऊच नकोस.” तो दुसऱ्या दिवसापासून आला नाही. मी दोनदा घरी गेलो, पण उपयोग झाला नाही. तेंगूयामाच्या उतारावर उभा असताना मला तो मुलगा आठवला. त्याच्या वाट्याच्या वेळेत आपली शाळा अंधारात होती. ही चूक एकट्या त्याच्या बापाची नव्हती, माझीही होती.

ज्यांना परवडते ते मुलांना लातूरला ठेवतात. तिथे ‘लातूर पॅटर्न’च्या वर्गांबरोबर रात्री उशिरापर्यंत उघड्या राहणाऱ्या अभ्यासिका आहेत. ज्यांना परवडत नाही, त्यांची मुले संध्याकाळी कुठे असतात? मुलगे चौकात मोबाईल घेऊन बसतात आणि मुली घरात भांड्यांपाशी असतात. आणि आपल्या शाळेचे पटांगण सहा वाजता कुलूपबंद होते.

रात्रीची सवय आपल्याला नाही, असे कोणी म्हणू नये. रमजानमध्ये आपले मोहल्ले तरावीहनंतरही जागे असतात. बाजार उजळलेले असतात, सहरीसाठी माणसे एकमेकांना उठवतात. एक महिना आपण रात्रीचा दिवस करतो. उरलेल्या अकरा महिन्यांत मुलांसाठी दोन-तीन तास दिवे लावणे आपल्याला जड आहे काय?

माझी सूचना साधी आहे. शाळेतील दोन खोल्या रात्री सात ते दहा अभ्यासासाठी उघड्या ठेवाव्यात. पटांगणावर चार दिवे लावावेत, कबड्डी आणि व्हॉलीबॉल चालू द्यावा. शंभर वॅटचे चार एलईडी दिवे तीन तास जळले, तर सव्वा युनिटच्या आत वीज लागते. मुलींसाठी वेगळी खोली आणि वेगळी वेळ असावी, शिक्षिका किंवा दोन माता सोबत असाव्यात, म्हणजे बापांच्या मनाला घोर राहणार नाही. दररोज दोन पालकांनी आळीपाळीने हजर राहावे. तीस दिवसांना साठ पालक लागतील. या मंडपात त्याहून कितीतरी अधिक बसलेले आहेत.

एक सावधगिरीची गोष्टही सांगतो. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीनंतर जपानमध्ये स्की खेळणाऱ्यांची संख्या खूप घटली आणि कितीतरी लहान टेकड्यांवरचे दिवे कायमचे विझले. लावलेला दिवा आपोआप टिकत नाही. उद्घाटनाला हार घालणारे पुष्कळ मिळतात, पण चौथ्या महिन्यात किल्ली घेऊन येणारा माणूस मिळाला पाहिजे. पहिल्या महिन्याची किल्ली मी घेतो.

विद्यार्थी मित्रांनो, पडण्याला भिऊ नका. पडल्यावर कसे उठायचे हे दाखवणारे कोणी जवळ असावे आणि त्याला तुम्ही दिसावेत एवढा उजेड असावा. तो उजेड करणे आम्हा वडीलधाऱ्यांचे काम आहे.

तो मुलगा आता स्वतःचे गॅरेज चालवतो, असे ऐकतो. त्याचा मुलगा पुढल्या वर्षी शाळेत येईल. त्याच्यासाठी तरी दिवे लागलेले असावेत, एवढी दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज. जय हिंद, जय महाराष्ट्र.